तांदळाच्या दाण्याएवढं

माझा आवाज गेला तो पोरानं दिलेल्या भेटीपायी. दारूनं त्याचं काही बिघडवलं नव्हतं, सिगरेटनं नव्हतं, समुद्रावरच्या बोचऱ्या वाऱ्यात तीस वर्षं केकाटूनही तो तस्साच होता. एका गुलाबी पाकिटानं त्याचा निकाल लावला.

तोंगयॉंग बंदरातल्या सुक्या मासळीच्या बाजारात मी लिलाव पुकारायचो. माझं नाव तक गिबोक, पण बाजारात मला सगळे भोंगा म्हणत. सकाळी मांदेलीच्या पेट्यांची रांग लागायची. मी एकेक पेटी उघडायचो, मूठभर मासळी उडवून सगळ्यांना दाखवायचो आणि भाव सुरू करायचो. घेणारे तोंड उघडत नाहीत. टोपीखालून बघतात आणि बोटं दाखवतात. बोलायचं काम पुकारणाऱ्या एकट्याचं. शेवटचा भाव तीनदा म्हणायचा, असा आमच्या बाजाराचा नियम. दोनदा म्हटला तर अजून कुणी बोट वर करू शकतो. तिसऱ्यांदा म्हटला की पेटी गेली. मग सख्खा भाऊ रडत आला तरी परत मिळायची नाही.

त्या आवाजाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? धक्क्यावरून "मुनसॉऽऽक!" अशी एक हाक दिली की टेकडीवरच्या शाळेच्या मैदानातून माझा पोरगा चेंडू टाकून पळत यायचा. बाकीची पोरं त्याला चिडवायची, "जा जा, तुझा लिलाव निघालाय!" तो लाजेनं लाल व्हायचा आणि मला त्याची मजा वाटायची. मार्क कमी पडले, सायकल हरवली, उशीर झाला, की माझा आवाज चढायचा आणि शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. मारलं मात्र मी त्याला कधीच नाही. हात उचलायची गरजच पडली नाही.

हा मुनसॉक आता छांगवॉनला यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याची बायको योनजू बालवाडीत शिकवते. गोड पोरगी, बोलते कमी, पण मुलांना गोष्ट सांगायला बसली की वाघाचा, म्हातारीचा, बेडकाचा असे सगळे आवाज काढते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, आईबापांच्या दिवशी, दोघं घरी आली. आमच्या छातीवर लाल फुलं लावली, जेवणं झाली आणि मुनसॉकनं ते गुलाबी पाकीट पुढे केलं.

पूर्वी पोरं पहिल्या पगारात आईबापांना लोकरीची बनियन आणायची. मग मालिश करणाऱ्या खुर्च्या आल्या. हल्ली पाकिटात घालून हॉस्पिटलातली तपासणी देतात. ज्याच्या पोरानं तपासणी दिली नाही, त्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

"धाड भरायच्या आधीच बघायचं असतं, बाबा," मुनसॉक म्हणाला. "योनजूच्या आईंचं गेल्या वर्षी केलं ना आम्ही. गळ्यात गाठ निघाली. वेळेत कळलं म्हणून वाचल्या."

आमची ही तोवर चपला घालून शेजारणीकडे पाकीट दाखवायला निघालीसुद्धा. नाही म्हणायची सोय उरली नाही.

तपासणीच्या कागदावर एक जास्तीची गोष्ट फुकट होती. आतड्यात नळी, नाहीतर गळ्याची सोनोग्राफी, दोन्हींतलं एक निवडा. नळीसाठी आदल्या दिवशी उपाशी राहून बादलीभर खारट पाणी ढोसायचं आणि मग अनोळखी बाईसमोर भलत्या बाजूनं पडायचं. मी म्हटलं, गळा. माझं हत्यारच ते, त्याचीच सर्व्हिसिंग करून घेऊ. ही निवड माझी होती. नंतर मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलोही नाही.

सोनोग्राफी करणारी मुलगी गप्पिष्ट होती. गळ्याला गार चिकट काहीतरी लावून तिनं ते यंत्र फिरवायला घेतलं आणि मांदेलीचा भाव विचारू लागली. मी सांगत होतो. उजव्या बाजूला एका जागी तिचा हात थांबला आणि ती बोलायची थांबली. पडद्यावर टिकटिक करत तिनं काहीतरी मोजलं. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "डॉक्टर सांगतील हं, काका." मघापर्यंत मी तिचा मासळीवाला होतो, आता काका झालो.

मग सुई घातली. मग आठवड्यानं डॉक्टरनं समोर बसवलं. मला समोर बसवलं ते नुसतं नावाला. बोलत होता तो मुनसॉककडे बघून. आमच्याकडे असंच. बापाचा रोग आधी पोराला सांगायचा.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाला, "पण काळजीचं कारण नाही. पाच मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढा. खरं तर नशीबवान आहात, हा चांगला कॅन्सर असतो."

"चांगला असेल तर तुम्ही ठेवून घ्या," मी म्हटलं.

डॉक्टर हसला. मुनसॉक हसला नाही. त्याचं तोंड इतकं पांढरं पडलं होतं की मला वाटलं गाठ त्यालाच निघाली. परत येताना तो घाटातल्या वळणावर गाडी कडेला घेऊन, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. पस्तिशीचा बाप्या! मी त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणत होतो, "अरे, मला काही होत नाही, गाढवा." होतही नव्हतं. गिळताना काही लागत नव्हतं, दुखत नव्हतं, बोटानं चाचपून गाठ हाताला लागत नव्हती. त्या सकाळीच मी दीडशे पेट्या पुकारल्या होत्या.

मी गुपचूप आमच्या गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टर यांगकडे गेलो. त्यांनी माझ्या बापाचं दुखणं काढलं होतं, माझंही काढत आले होते. कागद नाकाशी धरून त्यांनी वाचला.

"हे माझ्या गळ्यातही असेल," ते म्हणाले. "तुझ्या बायकोच्या असेल, बाहेर बसलाय त्या पोस्टमनच्याही असेल. शोधलं की सापडतं. पुष्कळ माणसं ते घेऊन जगतात आणि दुसऱ्याच कशानं तरी मरतात."

"मग राहू दे?"

"माझा गळा असता तर मी राहू दिलं असतं."

"एवढं एका कागदावर लिहून द्या डॉक्टर. घरी दाखवतो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहून नाही देता येणार, गिबोक. उद्या त्यातलं एखादं खरंच पसरलं आणि तुझा मुलगा माझ्या दारात उभा राहिला, तर मी काय उत्तर देऊ?"

म्हणजे तोंडानं सांगणार, हातानं लिहिणार नाहीत. आणि ज्या घरात कॅन्सर हा शब्द शिरलाय, तिथे तोंडी शब्दाला कोण विचारतो?

घरी तर माझा रुग्णच करून टाकला होता. कुणीतरी हिला सांगितलं, गळ्याच्या गाठीला समुद्रशेवाळ वाईट. दुसरीनं सांगितलं, शेवाळ हेच औषध. एक दिवस वाडगा भरून शेवाळाचं सार, दुसऱ्या दिवशी ते मोरीत. रात्रभर जागी राहून ही माझ्या गळ्याकडे बघत बसायची. मी ओरडलो की डोळ्यांना ॲप्रन लावून म्हणायची, "ओरडा, ओरडा. त्यानंच वाढत असेल ते."

बाजारात त्याहून वाईट. तीस वर्षं ज्यांनी माझ्याशी एकेका पेटीवरून शिव्यागाळी केली, ते अदबीनं वागू लागले. बांगशेठ म्हणून आमचा जुना खरेदीदार आहे, एक नंबरचा चिक्कू. मासळीत खोट काढल्याशिवाय ज्यानं जन्मात बोट वर केलं नाही, तो एके सकाळी तुटक्या मांदेलीच्या पेटीवर बोटामागून बोट चढवत गेला.

मी लिलाव संपल्यावर त्याची कॉलर धरली. "कसला भाव दिलास हा? भुगा आहे नुसता पेटीत!"

"असू दे रे भोंग्या," तो खाली बघत म्हणाला. "घरी म्हाताऱ्या मांजराला होईल."

माझ्या आवाजावर कुणी दया म्हणून बोट वर करावं? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की काढून टाकावं हे आणि मोकळं व्हावं. गाठीची भीती नव्हती. लोकांची झाली होती.

तरीही मी अडून बसलो होतो. मुनसॉकला सांगितलं, सहा महिन्यांनी परत बघू, वाढलं तर कापू. डॉक्टर म्हणाला होता, आवाजाची नस अगदी चिकटून जाते, शंभरात एखाद्याचं बिघडतं. शंभरात एखादा म्हणजे रोजच्या पेट्यांमधली एक-दीड पेटी. तेवढी तर रोज खराब निघते. फोनवर योनजू मागून हळूच त्याला म्हणायची, "बाबांना काय वाटतंय तेही बघ ना." ती एकटीच.

मग विहीणबाई आल्या.

पुसानहून, मोत्यांच्या रंगाचा रेशमी रुमाल गळ्याला बांधून, दोन्ही हातांत भेटवस्तू घेऊन. पोराशी भांडता येतं, बायकोवर ओरडता येतं, डॉक्टरला धुडकावता येतं. विहिणीसमोर पाय सोडून बसतासुद्धा येत नाही. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो, त्याही बसल्या. पाच मिनिटं नुसतीच वाकावाकी झाली.

मग त्यांनी रुमाल सोडून गळ्यावरचा वण दाखवला. "बघा, रेघसुद्धा दिसत नाही आता," त्या म्हणाल्या. "मला तर काहीच त्रास झाला नाही. रोज सकाळी एक गोळी, बस्स." आवाज खरंच स्वच्छ होता. "व्याही, सोलच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागायला वर्ष जातं. माझा भाचा तिथे आहे. त्यानं पुष्कळ खटपट करून, वरिष्ठांसमोर हात जोडून तुमच्यासाठी तारीख मिळवलीय. सप्टेंबरची अकरा. सगळ्यात नावाजलेले सर्जन."

मी हिच्याकडे बघितलं. हिनं आधीच जमिनीला कपाळ टेकलं होतं. मुनसॉकच्या डोळ्यांत पाणी होतं. आता मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? भाच्याचं नाक कापलं गेलं असतं, विहिणीचा अपमान झाला असता, योनजूला माहेरी मान खाली घालावी लागली असती आणि मुनसॉकला सासरी. एका तांदळाच्या दाण्याभोवती एवढी माणसं हात धरून उभी. आपलेच दात, आपलेच ओठ. मी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि म्हणालो, "फार उपकार झाले."

अकरा सप्टेंबरला कापलं. गाठ एका बाजूला, पण काढली गळ्यातली थायरॉइडची अख्खी ग्रंथी, दोन्ही बाजूंची. डॉक्टर म्हणे, कामच मिटलेलं बरं.

शुद्धीवर आलो तर मुनसॉक वाकून बघत होता. "बाबा, झालं! सगळं निघालं! काही नाही राहिलं आता!" मला म्हणायचं होतं, पाणी दे. तोंडातून हवा आली. फुटक्या फुग्याला येते तशी, फस्स करून. त्याला वाटलं भूल उतरायचीय. मलाही तसंच वाटलं.

डॉक्टर म्हणाला, नसेला सूज आहे, तीन महिने. मग म्हणाला, सहा महिने. मग म्हणाला, कधी कधी वर्षही लागतं. मग त्यानं पुढची तारीख दिलीच नाही. आता जो आवाज आहे तो बंद दारामागून कुजबुजल्यासारखा. तोही चार वाक्यांत दमतो. पाणी पिताना ठसका लागतो. रोज उठल्यावर उपाशीपोटी एक गोळी. ती मरेपर्यंत.

बाजारात मी परत गेलो, एकदाच. मार्च महिना होता. बांगशेठ वगैरे सगळे आले होते, टोप्या नीट घालून. पहिली पेटी कशीबशी काढली. दुसऱ्या पेटीला भाव चढवताना आवाज मधेच गायब झाला आणि माझे ओठ नुसतेच हलत राहिले. आणि माझ्या देखत त्या वीस माणसांनी ऐकू आल्यासारखं करून बोटं वर केली. मी पेटीवरचं झाकण लावलं आणि बाहेर आलो. आता मी मागच्या गोदामात बसतो, पेट्यांना चिठ्ठ्या चिकटवतो. पुढे नवा पुकारणारा ओरडतो. बरा आहे, पण श्वास घेतलेला कळतो.

आता तुम्ही म्हणाल, पोरावर राग काढला असेल. कसा काढणार? तो दर रविवारी फोन करतो. आधी माझ्या तब्येतीचं विचारतो, मग थांबतो आणि मग म्हणतो, "बाबा, आवाजाचं वाईट झालं. पण वाचलात ना?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मला कळलं की हा प्रश्न नाही. बुडणारा माणूस हात वर करतो, ते आहे. "वाचलो रे," मी म्हणालो. "तू होतास म्हणून." झालं, ते ठरूनच गेलं. दर रविवारी तो विचारणार, दर रविवारी मी वाचणार. त्यानं कारखान्यात चारजणांना सांगितलं, आमच्या बाबांचं वेळेत पकडलं म्हणून निभावलं. त्यातल्या दोघांनी आपल्या आईबापांना पाठवलं. एकाच्या आईचं निघालं आणि कापलं. मुनसॉकनं मला आनंदानं फोन केला. मी म्हटलं, "शाबास." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की माझं तोंड मीच दाबून धरलं होतं.

या वर्षी मार्चमध्ये टीव्हीवर बातमी आली. काही डॉक्टरांनी मिळून पत्रक काढलं होतं, की धडधाकट माणसांच्या गळ्यांची सोनोग्राफी थांबवा. इतके जण उगाच कापले जाताहेत, त्यातल्या बहुतेकांना त्या गाठीनं आयुष्यात कधी त्रास दिला नसता. आम्ही जेवत होतो. हिनं पटकन चॅनल बदललं. दुसऱ्या चॅनलवरही तेच होतं.

पाच मिनिटांत फोन. रविवार नव्हता.

"बाबा, बातम्या बघितल्या?"

"बघितल्या."

"तुमचं तसं नव्हतं ना?"

समोर ही मान हलवत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. आणि मी म्हणालो, "माझं वेगळं होतं. माझं वाढणारं होतं. डॉक्टर बोलला होता मला नंतर." डॉक्टर असलं काही बोलला नव्हता. पलीकडून त्यानं इतका मोठा श्वास सोडला की माझ्या कानाला लागला. त्या श्वासासाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोललो असतो. बोलणारही होतो, मरेपर्यंत, सकाळच्या गोळीसारखं.

पण मे आला. आईबापांचा दिवस.

दोघं आली, फुलं लावली. हिनं शिंपल्यांचं कालवण केलं होतं. योनजूनं भात चिवडला आणि तसाच ठेवला. मी खुणेनं विचारलं, काय गं? तिनं मुनसॉककडे बघितलं.

मुनसॉकनं चमचा खाली ठेवला. "योनजूच्या बालवाडीत तपासणी झाली," तो म्हणाला. "तिच्या गळ्यात निघालंय. सहा मिलिमीटर. तेच."

ही मटकन बसली. बसलेलीच होती, पण आणखी खाली बसली.

"हिच्या आईंनी तारीख मिळवलीय," तो पुढे बोलत होता, भराभर, थांबलो तर बोलता यायचं नाही असं. "भाच्याकडूनच. पुढच्या गुरुवारची. तेच सर्जन. ही मात्र घाबरलीय. ते टीव्हीवरचं बघून हिच्या डोक्यात बसलंय. म्हणते, थांबू या, दर सहा महिन्यांनी बघू या. मी म्हटलं, बाबांना विचार. बाबांचं ऐकीव नाही, त्यांनी स्वतः भोगलंय. बाबा, तुम्हीच सांगा हिला. तुमचं काढलं नसतं तर काय झालं असतं?"

योनजूनं माझ्याकडे बघितलं. एक हात गळ्यावर होता, नकळत गेलेला. वाघाचा, म्हातारीचा, बेडकाचा, सगळे आवाज त्या हाताखाली.

मी पाण्याचा घोट घेतला. ठसका लागला. सगळे थांबले. आमच्या घरात आता सगळ्यांना माझ्यासाठी थांबायची सवय झालीय.

दोन वर्षं जी खोट्याची भिंत मी रोज एक वीट लावून बांधली, तिच्या एका बाजूला माझा पोरगा उभा होता आणि दुसऱ्या बाजूला ही पोर. भिंत ठेवली तर हिच्या गळ्यावर सुरी. पाडली तर ती पोराच्या अंगावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत माझंच माणूस.

"बाबा," योनजू म्हणाली, "तुमचं गरजेचं होतं ना?" किती साधं विचारलं तिनं. मी हो म्हटलं असतं, तर ती गुरुवारी गेली असती. एक शब्दही न बोलता.

"नव्हती गरज," मी म्हणालो.

मुनसॉकनं ऐकलं. त्याच्या तोंडावर दिसलं की ऐकलं. तरी तो म्हणाला, "काय म्हणालात बाबा? नीट ऐकू नाही आलं."

ही माझी बाही ओढत होती. "अहो, जेवा आधी. मग बोला."

"गरज नव्हती," मी परत म्हणालो, सगळा जोर लावून. "डॉक्टर यांग म्हणाले होते, राहू दे. मला काही होत नव्हतं. आणि वाढणारं होतं असं नंतर कुणी बोललं नाही. ते मीच रचलं. तुझ्यासाठी."

त्याच्या नजरेत अजून होतं, की मी आता हसेन, म्हणेन, गंमत केली गाढवा. अजून कुणीतरी बोट वर करेल. मी तिसऱ्यांदा म्हणालो. आवाज संपला होता, ओठच हलले. त्यांत काय होतं ते तिघांनाही कळलं.

योनजू उठली, आतल्या खोलीत गेली. दार लोटल्यावरही तिचा फोनवरचा आवाज बाहेर येत होता. "आई, ती तारीख रद्द कर. ... नाही, कुणी भडकवलं नाही. ... हॉस्पिटलातल्या दादाची मी माफी मागेन, पायांवर डोकं ठेवून मागेन, पण मी येणार नाही."

मुनसॉक उठून चपला न घालताच बाहेर गेला.

"झालं समाधान?" ही मला म्हणाली. पण म्हणताना तिनं माझ्यासमोरचा पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

तो धक्क्याच्या टोकाला बसला होता, मोजे ओले करून. दुपारची वेळ, भरती होती. मी शेजारी बसलो. तो पाण्याकडेच बघत होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दर रविवारी तुम्हाला विचारत होतो मी. आणि कारखान्यातल्या त्या दोघांना काय सांगू आता?"

मला सांगायचं होतं, गळा मीच निवडला होता रे, त्या यादीतून. विहिणीपुढे हात मी टेकले होते. तुझं एकट्याचं नाही हे. पण आवाज होता-नव्हता तो जेवतानाच खर्चून झाला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला आणि वळला. लहानपणी सायकल हरवून आला होता, तसंच तोंड होतं.

"ओरडा ना माझ्यावर," तो म्हणाला. "एकदा ओरडा, बाबा. मोठ्यानं. पूर्वीसारखं. मग मला बरं वाटेल."

मी तोंड उघडलं. तो वाट बघत होता. मी उघडलेलंच ठेवलं, जितका वेळ ठेवता आलं तितका वेळ.